मामींचा खुबा आणि माझं स्ट्रेचर

माझ्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात मी आडवा झालो.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या रहिमतपूरच्या. उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलेला. गोठ्यापर्यंत जाताना भिंत धरायच्या (आणि पोचल्यावर म्हैस). शेवटी आम्ही त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा सांधा हातात घेऊन समजावलं. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा कापून काढायचा, खोबण घासून त्यात नवी वाटी बसवायची, मग हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून त्यावर नवा गोळा चढवायचा.

"ठोकून म्हणजे?" मी विचारलं.

"हातोडीनं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तवा मी झोपल्याली असंन न्हवं?" मामींनी विचारलं.

"फक्त कमरेखाली बधिर करू. जाग्या असाल, पण दुखणार नाही."

"मग माजी हरकत न्हाई," मामी म्हणाल्या. हरकत मला होती, पण मला कुणी विचारलंच नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बायको सुनीता, मेहुणा संपत आणि मी बाहेर बाकावर बसलो. आतून खरोखरच ठकठक ऐकू यायला लागली.

"दाजी, आत दार बसवत्यात का काय?" संपत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

इतक्यात नर्स बाहेर आली. "नातेवाइकांपैकी एकानं या. काढलेलं हाड दाखवायचंय."

संपत उठला. मी त्याला खाली बसवलं. "तू थांब. अशा वेळी धीराचं माणूस लागतं."

मला हिरवा झगा आणि टोपी चढवली, बूट बाहेर काढायला लावले. आतल्या खोलीत एका तरुण डॉक्टरांनी माझ्यापुढे स्टीलचा ट्रे धरला. ट्रेमध्ये पेरूएवढा गोळा होता.

"बघा, किती खडबडीत झालाय. एवढ्यावर चालत होत्या त्या."

मी धीराने मान हलवली. तेवढ्यात पलीकडच्या दारातून मामींचा आवाज आला, "जावईबापू आल्यात का? चा घेतला का त्यांनी?"

हाड माझ्यासमोर, आणि हाडाची मालकीण मला चहाचं विचारत होती. यानंतरचं मला काही आठवत नाही. पुढचं सुनीताने सांगितलं.

मी जो पडलो तो थेट माकडहाडावर. एक्स-रे काढायला त्यांनी मला स्ट्रेचरवर घातलं, अंगावर चादर ओढली आणि मी शुद्धीवर यावं म्हणून तोंडावर ओलं फडकं टाकलं. ऑपरेशन थिएटरातून असं झाकलेलं माणूस बाहेर आलेलं बघून संपतने एक हंबरडा फोडला आणि फोन घेऊन जिन्याकडे धावला. सुनीता तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. मग तिला चादरीबाहेर आलेले मोजे दिसले, आणि डाव्या मोज्याच्या भोकातून डोकावणारा अंगठा.

"आवं, ही आई न्हाई," ती नर्सला म्हणाली, "हे आमचं मालक हायती." (रडणं तिने तिथल्या तिथे थांबवलं, हे मला अजून लागतं.)

संपतला गाठेपर्यंत रहिमतपुरात बातमी पोचली होती. त्याने पुन्हा फोन लावले, पण भावकी जीप काढून निघालेली, आणि रडारडीत फोन कोण उचलतंय?

संध्याकाळी मामी वॉर्डात उशीला टेकून चहा पीत होत्या. शेजारच्या खाटेवर मी पालथा. बाहेर एकदम आक्रोश उठला आणि मामींच्या धाकट्या जाऊबाई ऊर बडवत आत शिरल्या.

मामींनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कोण गेलं गं?"

जाऊबाई जागीच थिजल्या. "आवं... तुमीच की."

मग जाऊबाई मटकन खाटेवर बसल्या आणि मामींचा हात धरून खऱ्याखुऱ्या रडल्या. मामींनी त्यांना उरलेला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींना वॉकर देऊन उभं केलं. पहिलंच पाऊल टाकायचं, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. त्या सावकाश चालत माझ्या खाटेपाशी आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"जावईबापू, उटताना माज्या खांद्याला धरा. पैल्यांदा जरा भ्या वाटतं."