व्याही पाटात

आमच्या घराण्यात आजवर कुणी व्याह्याला पाटाच्या पाण्यात पाडलं नव्हतं. ही उणीव मी भरून काढली.

माझी पुतणी पल्लवी, हिचं विजापूरच्या मुलाशी जमलं होतं. साखरपुडा पुढच्या रविवारी. सोलापूर ते विजापूर अंतर जेमतेम दोन तासांचं. पण मध्ये राज्याची हद्द लागते, त्यामुळे अभिमानाच्या दृष्टीनं ते परदेशच! त्यातून आम्ही घरात कन्नड बोलणारे सोलापूरकर. (जेवतो कन्नडमध्ये, भांडतो मराठीत.) अशा लोकांना आपण महाराष्ट्राचे आहोत हे सारखं सिद्ध करावं लागतं. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे.

साखरपुड्याआधी पाहुण्यांना शेतावर हुरड्याला बोलवायची टूम माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे अण्णानं काढली. निघतानाच त्यानं मला बजावलं, "पाव्हण्यांसमोर तोंड उगडू नगंस." याला कारण होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलगी बघायच्या दिवशी व्याह्यांनी पोह्यांची तारीफ केली, तेव्हा "कोपऱ्यावरच्या गाडीवरचे आहेत, तिथं नेहमीच चांगले मिळतात," ही माहिती मीच पुरवली होती.

त्यामुळे शेतावर मी फक्त हुरड्यासाठी तोंड उघडत होतो. सगळं कसं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात वहिनीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. व्याही शिवानंदप्पा पांढऱ्याशुभ्र धोतरात मांडी घालून बसले होते. त्यांनी भाकरी कटकन मोडली आणि म्हणाले, "वा! आमची भाकरी तुमी पण करता की!"

"तुमची?" मी म्हणालो.

अण्णा खोकला. (तो इशारा होता. मला वाटलं, चटणीचा ठसका लागला.)

"आमचीच की. विजापूरची. हिकडं नंतर आली."

"चालत आली व्हय? सोलापूरची कडक भाकरी म्हंजे साऱ्या महाराष्ट्रात नाव हाय!"

"दुसऱ्याची वस्तू नेली की नाव होतंच!"

मग भाकरीवरून गाडी चटणीवर गेली, चटणीवरून शेंगापोळीवर. शेंगापोळीवरून क्रिकेटवर कशी गेली ते मला सांगता येणार नाही. पण थोड्याच वेळात ते बंगळुरूच्या वतीनं आणि मी मुंबईच्या वतीनं एकमेकांचे जुने पराभव उकरून काढत होतो. नवरदेव बिचारा पल्लवीकडे बघत होता, पल्लवी हातातल्या कणसाकडे बघत होती आणि अण्णाचा खोकला थांबत नव्हता.

"नुसतं तोंडानं काय सांगता?" मी उठून उभा राहिलो. "दोर धरा! जी बाजू जिंकंल तिची भाकरी!"

"धरतो की! आना दोर!" शिवानंदप्पांनी धोतर खोचलं.

मी दोर आणायला गोठ्याकडे पळालो. तेवढ्यात अण्णानं आमच्या माणसांना गाडीआड नेलं आणि हलक्या आवाजात हुकूम दिला, "हरायचं. पर जोर लावून हरायचं." त्याचं बरोबरच होतं. मानपानात एक टॉवेल कमी पडला तरी वरबाप वर्षभर धुसफुसतो. इथं तर आम्ही त्याला साखरपुड्याच्या तोंडावर सोयऱ्याधायऱ्यांदेखत ओढणार होतो! पोरीचं लग्न मोडलं तर त्या कडक भाकरीचं काय लोणचं घालायचं? ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना सांगण्यात आली. मला न सांगण्याचं कारण वर आलेलंच आहे.

कांद्याला पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे पाट भरून वाहत होता. पाटाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. जो पाण्यात उतरेल तो हरला. वजनाच्या जोरावर आमच्याकडून सगळ्यात मागची जागा मला मिळाली. मी दोर कमरेला बांधला, टाचा रोवल्या आणि डोळे मिटले. (जोर लावताना मला उघडे डोळे जमत नाहीत. नारळ फोडतानाही मी ते मिटतो, म्हणून घरात नारळ बायको फोडते.)

"ओढा!"

दोन्ही बाजूंनी अशी आरोळी उठली की ज्वारीतली पाखरं उडून गेली. मी ओढलं. दोर आला! आणखी ओढलं, आणखी आला! दोन जिने चढताना ज्याला दोनदा बसावं लागतं, त्या माझ्या अंगात त्या क्षणी हत्तीचं बळ संचारलं. मी गर्रकन वळलो आणि दोर खांद्यावर घेऊन कांद्याच्या वाफ्यांतून सरळ चालू लागलो.

मागं 'धप्प' असा आवाज झाला.

"जिंकलो!" मी हात वर करून ओरडलो आणि डोळे उघडले.

माझ्या बाजूच्या एकाच्याही हातात दोर नव्हता. पलीकडेही नव्हता. दोराच्या त्या टोकाला फक्त शिवानंदप्पा होते. खरं वाटावं म्हणून त्यांनी तो मनगटाला गुंडाळून घेतला होता, आणि आता ते पाट ओलांडून, कांद्याच्या दोन वाफ्यांसह, महाराष्ट्रात दाखल झाले होते.

"आरं गाढवा!" अण्णा किंचाळला. "हरायचं ठरलं हुतं की!"

चिखलातून शिवानंदप्पांनी मान वर केली. "काय? तुमी हरनार हुता? आवो, आमीच हरनार हुतो! पोरीकडच्यांचं मन मोडू नये म्हनून मी सगळ्यांना दोर सोडायला सांगितला!"

"तुमी कशाला हरताय? मान तुमचा!" अण्णा म्हणाला.

"आमी आदी ठरवलं!"

"न्हाय, आमी आदी!"

आता हरण्यावरून जुंपली. कुणाचा मोठेपणा मोठा, याचा निकाल लागेना. शेवटी शिवानंदप्पा ताडकन उठले. "आमचा मोठेपना बगवत न्हाय तुमास्नी! गाडी काड रे!"

अण्णा मटकन बांधावर बसला. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, त्या वेळी मला माझ्या जिभेची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात विहीणबाई पाटाच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. "एक सांगा. भाकरी सोलापूरची का विजापूरची ते ऱ्हाऊ द्या. तुमच्यातल्या एकाला तरी ती थापता येती का?"

दोन्ही राज्यं खाली बघू लागली.

"मग गप बसून खावा. हुरडा गार झाला."

शिवानंदप्पा कुडकुडत बसले. वहिनीनं गाडीतली चादर त्यांच्या अंगावर घातली. (आमचं चादरींचं दुकान आहे.) त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून खाल्ला. मग चादरीचं टोक बोटांत धरून म्हणाले, "चादर मात्र सोलापूरचीच."

अण्णाला रडू आवरेना.

साखरपुडा झाला, लग्नही झालं. तेव्हापासून दोन्ही घरांनी मिळून एक नियम केलाय: मला काही सांगायचं नाही. गेले दोन आठवडे बायको रोज रात्री काहीतरी शिवतेय. एवढीशी कुंची आहे. पण विचारलं तर म्हणते, मिक्सरचं कव्हर. विजापूरहून रोज फोन येतो आणि मी खोलीत गेलो की तिकडचं हवामान सुरू होतं. पण मला सगळं समजलंय, आणि या वेळी मी ठरवलंय, काही झालं तरी कुणाला सांगायचं नाही.

तुम्हीही सांगू नका.