सूनबाईंची सही

लिलावघरात तिला सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. जुना काचेचा पेपरवेट कुठल्या कारखान्यातला, कोणत्या काळातला, हे ती सांगायची आणि भलेभले संग्राहक तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. आधी तळहातावर वजन घ्यायची, कारण शिशाची जुनी काच हाताला जड लागते. मग बूड बघायची. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या काचेला चहूबाजूंनी बारीक ओरखडे पडतात. मुद्दाम घासून जुनी केलेली काच तिथेच पकडली जाते.

अशा बाईला घरातल्याच एका पेपरवेटकडे बघायची चोरी होती. सासऱ्यांच्या टेबलावर निळ्या फुलांचा काचगोळा असे. पणजोबांनी नामांकित कारखान्यातून आणलेला, घराण्याची शान! लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पुसायला म्हणून तिने तो उचलला आणि सवयीने उलटा करून पाहिला. वजन नावालाच. बुडावरचे ओरखडे वहीतल्या रेघांसारखे सरळ, एकाच दिशेचे.

पाहुणे आले की सासरे म्हणायचे, "आमच्या सूनबाईंना विचारा!" ती "छान आहे" म्हणून स्वयंपाकघरात सटकायची. अशी अकरा वर्षं गेली.

मग सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. त्यांच्यापुढे अख्खं घर चळाचळा कापायचं. "रविवारी येतो. गोळा संग्रहालयाला द्यायचाय. कारखाना, साल आणि सूनबाईची सही, एवढं तयार ठेवा."

खोटी सही केली तर नाव जाणार, खरं बोलली तर सासरे खचणार. शनिवारी दुपारी तिने सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलं.

"बाबा, हा पणजोबांचा नाही."

सासरे चष्मा पुसत राहिले. "कधी कळलं तुला?"

"पहिल्या आठवड्यात."

"आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलीस?"

खरा गोळा त्यांच्याच हातून फुटला होता, तरुणपणी. थोरल्या भावाच्या धाकाने त्यांनी बाजारातून तसाच दिसणारा आणून ठेवला होता.

"सांगून टाका ना काकांना."

"या वयात मार खाऊ?" ते हसले आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

रविवारी मोठ्या काकांनी गोळा तिच्यापुढे सरकवला. "लिही."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"घरच्या वस्तूवर मी सही करत नाही, काका. आमच्या लिलावघरात नियमच आहे तसा." असा कुठलाही नियम नव्हता.

"मग दुसऱ्या कुणाला दाखवतो."

"नको!" सासरे जवळजवळ ओरडलेच. "दाखला द्यायचा तर आपल्याच सूनबाईचा. बाहेरच्याचा कशाला?"

हे मात्र काकांना पटलं. तेव्हापासून दर महिन्याला ते येतात, खुर्चीत बसतात आणि विचारतात, "काय गं, बदलला का तुमचा नियम?"

"नाही अजून," ती म्हणते. सासरे मान खाली घालून बसतात. पूर्वी निदान मनातल्या मनात तिला सासऱ्यांवर चिडता तरी यायचं. आता तीही त्यांच्यासारखीच काकांशी खोटं बोलते, त्यामुळे तेही जमत नाही.