थांबणारी रेघ

त्याचं नाव मी विचारलं नाही. नंतर विचारायला तोंडच उरलं नाही.

नंदुरबारच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तो लोकांना प्रेझेंटेशन करून द्यायचा. शाळेच्या प्रशिक्षणासाठी मला स्लाइड्स हव्या होत्या, म्हणून मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते. तो बोटाने टेबलावर सेकंद मोजायचा आणि बरोबर त्या ठोक्याला पडद्यावर अक्षरं यायची.

आधी कुठल्याशा साहेबांचं काम चाललं होतं. हिरवा डोंगर, वर तोरणमाळकडचा एक पाडा आणि तिथून निघणारा मंजूर रस्ता. बटण दाबलं की लाल रेघ डोंगर उतरू लागायची, एका वळणावर थांबायची, मग सावकाश खाली दवाखान्यापर्यंत यायची. मला ते थांबणं फार आवडलं.

"माझ्याही स्लाइडला असंच करा ना," मी म्हटलं.

त्याचं बोट टेबलावर तसंच राहिलं.

"रस्ता झालाच नाही मॅडम. कुठून जाणार तेही कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आमच्या पाड्याची पायवाटच काढली. तिसरं वर्ष आहे, फक्त तारीख बदलतो."

"मग ती मध्येच का थांबते?"

"बायकोला झोळीत घालून दवाखान्यात आणत होतो. त्या वळणावर झोळी खाली ठेवली. पुढे घाईच उरली नाही."

साहेबांची फाईल बंद करत म्हणाला, "साहेबांनाही आवडलं. म्हणाले, थांबते तेव्हा सगळे नीट बघतात."

मग त्याने माझी फाईल उघडली.

"तुमची किती सेकंद थांबवू?"