बॅनरवरची भावी साहित्यिक

आमच्या घरात माझं लिहिलेलं सगळ्यांना आवडतं. वाचत कुणी नाही, पण आवडतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी काही टाकलं की मिनिटाच्या आत नणंदेचा अंगठा, धाकट्या जावेची फुलं आणि दिराचे जोडलेले हात हजर. एकदा गॅसवाल्याला पाठवायचा मेसेज चुकून त्या ग्रुपवर गेला, ‘आज सिलिंडर आला नाही तर मी स्वतः तिथे येऊन बसेन’ असा. त्याच्याखालीही जावेनं लिहिलं, ‘ताई, किती सुंदर, मनाला भिडलं.’

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या हातात कथा दिली की तो पहिलं पान बघतो, शेवटचं बघतो, मधली पानं अंगठ्यानं फर्रकन सोडतो आणि म्हणतो, “चांगलीय.” एकदा मी विचारलं, यातली बाई शेवटी घर सोडून जाते, ते पटलं का? म्हणाला, एकदम पटलं. त्या कथेत बाईच नव्हती.

मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बनवते. कंटेनरमध्ये काय आहे ते टाइप करणं हे माझं काम. कंटेनर उघडून मी आजवर बघितलेला नाही. पाठवणारा म्हणतो आत पंखे आहेत, मी लिहिते पंखे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा पगार घेतल्यावर स्वतःच्या शब्दावर विश्वास बसत नाही, त्यात नवल ते काय. पन्नाशी जवळ आली तरी मला एक गोष्ट कळली नव्हती, की आपल्याला खरंच लिहिता येतं की आपण नुसता वेळ घालवतोय? हे सांगायला मला परकं माणूस हवं होतं. ज्यानं माझ्या हातचा जवळा खाल्लेला नाही, ज्याला माझी सासू माहीत नाही आणि खोटं बोलून ज्याला काही मिळणार नाही, असं कुणीतरी.

तेव्हाच पनवेलमधल्या एका वाचनालयानं कथास्पर्धा जाहीर केली. मी नियम वाचले आणि एका नियमावर जीव जडला. कथेवर लेखकाचं नाव नको, नाव वेगळ्या पाकिटात बंद करून द्यायचं, आणि कुणाची कथा आहे हे परीक्षकांना कोणत्याही मार्गानं कळलं तर ती बाद. बाकीच्यांना बक्षीस दिसलं असेल, मला ते बंद पाकीट दिसलं. मला ओळखत नसलेली तीन माणसं मुकाट्यानं माझी कथा वाचणार होती. अजून काय पाहिजे?

कथा डोक्यात होतीच. माझं माहेर पनवेल शहरातलं, सासर करंजाड्याच्या बाजूच्या गावातलं, आगरी. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्न उरकायचं असतं, हळद साजरी करायची असते. अशाच एका हळदीला सासूबाई माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या नाचत नाहीत. त्याआधी बँजो सुरू व्हायच्या आत त्या मांडवाच्या मधोमध असायच्या, असं गावातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा दहाव्याला आल्यासारखा होता आणि लुगड्याखाली दोन्ही पाय मात्र ठेक्यावर आपटत होते. मी बघत राहिले. त्या पायांवर मी कथा लिहिली. एक विधवा बाई, तिच्या पुतण्याची हळद आणि न थांबणारे पाय.

कथा दिल्यावर नवऱ्याला निक्षून सांगितलं, निकाल लागेपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही. तो म्हणाला, मी कशाला बोलतोय. आणि त्याच संध्याकाळी भावाला सांगून मोकळा झाला. वर कथेचं नावही सांगितलं. तेवढं बरं त्याच्या लक्षात राहिलं.

आता माझ्या दिराविषयी सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर याची गाडी दारात उभी. पण त्याला बॅनरचा नाद आहे. आमच्या पट्ट्यात बॅनर लागल्याशिवाय कुठलीच गोष्ट झाली असं धरत नाहीत. पोरगं दहावीला काठावर पास झालं, बॅनर. कुणी नवीन डंपर घेतला, बॅनर. आमच्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाला तर दिरानं एवढा मोठा बॅनर लावला होता, की त्याच आठवड्यात नवऱ्याचा वाढदिवस होऊन गेला हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. बैलाला केक होता. नवऱ्याला मी शिरा केला.

तर सोमवारी सकाळी मी स्कूटीवरून ऑफिसला निघाले आणि पनवेलच्या चौकात सिग्नलला थांबले. सहज वर बघितलं तर मी. दोन मजली. नणंदेच्या पोरीच्या हळदीतला फोटो, डोळ्यांवर दिराचा गॉगल, जो त्यानं गंमत म्हणून माझ्या नाकावर चढवला होता. वर ठळक अक्षरात ‘भावी साहित्यिक’. त्याखाली, ‘आमच्या लाडक्या वहिनीसाहेबांनी भव्य कथास्पर्धेत सहभाग घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्याखाली लाल रंगात कथेचं नाव. मग शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, सगळे गॉगलवाले, आणि कोपऱ्यात बैल. तोही शुभेच्छुक.

सिग्नल हिरवा झाला, मागून ट्रेलरवाला हॉर्न मारायला लागला. स्कूटी कशीबशी बाजूला घेतली आणि दिराला फोन लावला.

“भाऊजी, ते आत्ताच्या आत्ता काढा.”

“का वयनी? फोटो नाय आवडला? दुसरा लावतो.”

“नाव गुप्त ठेवायचं होतं. स्पर्धेचा नियम आहे तसा.”

मग त्यानं अगदी मनापासून विचारलं, “नाव लपवायचा हाय, तं लिवायचा कशाला?”

डोक्यात तिडीक गेली होती, म्हणून मी फक्त ओरडले. त्यानं दुपारपर्यंत बॅनर उतरवलाही. पण त्या चौकातून वाचनालयाकडे जाणारा रस्ता आहे, आणि तीन परीक्षकांपैकी एक सद्‌गृहस्थ रोज सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला जातात, हे मला दोन दिवसांनी वाचनालयाच्या सेक्रेटरींच्या फोनवरून समजलं.

सेक्रेटरी दुखावले होते. वाचनालयाची परंपरा, स्पर्धेचं पावित्र्य, असं बरंच काही त्यांनी ऐकवलं. मी म्हटलं, अहो, माझ्या दिरानं केलंय, मी नाही. ते म्हणाले, “मॅडम, त्यावर बैल आहे.” जसं काही बैल नसता तर चाललं असतं. कथा स्पर्धेतून बाद झाली होती. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये, दोन कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये उभी राहून रडले. बक्षीस गेलं म्हणून नाही, आईशप्पथ. ती तीन परकी माणसं गेली म्हणून. आता मला कोण सांगणार होतं?

घरी आल्यावर मी दिराला तोंडाला येईल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. सासूबाई भाकरी थापता थापता नुसत्या बघत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “वयनी, टेन्शन घेव नका, मी बगतो.” आमच्या घरात या वाक्यानंतर नेहमी काहीतरी नवीन निस्तरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तो खरंच वाचनालयात गेला. जाताना पेढे नेले. सेक्रेटरींना त्यानं एक तोडगा सुचवला, की स्पर्धेत उतरलेल्या सगळ्यांची नावं द्या, मी सगळ्यांचे बॅनर लावतो, याच साइजचे, म्हणजे कुणावर अन्याय नाय. बैल वाटल्यास फक्त आमच्या बॅनरवर. सेक्रेटरींनी पेढे ठेवून घेतले आणि त्याला वाटेला लावलं. हे सगळं मला त्यानंच येऊन सांगितलं, आणि सांगताना त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की ही माणसं जरा आडमुठी आहेत. मला हसावं की रडावं कळेना. मग हसूच आलं, काय करणार.

बक्षीस समारंभाला मी जाणार नव्हते. दीर म्हणाला, जायचाच, पळून गेल्यासारखा दिसतं. सासूबाईही नवं लुगडं नेसून गाडीत बसल्या, का ते त्यांनाच ठाऊक. मी, सासूबाई आणि दीर असे आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. भाषणं झाली. पहिलं बक्षीस वृद्धाश्रमाच्या कथेला, दुसरंही वृद्धाश्रमाच्याच. तिसऱ्या कथेत मुलगा अमेरिकेहून उशिरा पोचतो. टाळ्या वाजवून हात दुखले.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याकडे आल्या. साठीच्या पुढच्या, पांढरे केस कापलेले, हातात बिस्किट. मघाशी स्टेजवर परीक्षक म्हणून बसल्या होत्या. अलिबागहून आल्या होत्या.

“तुम्ही बॅनरवाल्या ना?” त्या म्हणाल्या. “फोटो दाखवला मला इथल्या लोकांनी. गॉगल छान होता.”

मी जमिनीत गडप व्हायची वाट बघत उभी राहिले.

“तुमची कथा मी त्याच्या आधीच वाचली होती. तेव्हा मला तुमचं नावगाव काही माहीत नव्हतं.”

माझा चहा कपातच राहिला. मी म्हटलं, “मग बाद झाली नसती तर... नंबर आला असता?”

“नाही,” त्या म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं. “मी तिला शेवटून दुसरे मार्क दिले होते.”

मला वाटलं, झालं. मिळालं आपल्याला हवं ते. सांगितलं परक्या माणसानं.

“लिहिता येतं तुम्हाला,” त्या पुढे म्हणाल्या. “म्हणून तर राग आला मला. वाचताना माझेच पाय हलायला लागले होते. मला वाटलं, आता उठते ही बाई, आता नाचते. आणि तुम्ही काय केलंत? तिला देवघरात नेऊन बसवलंत, नवऱ्याच्या फोटोपुढे. डोळ्यांत पाणीबिणी. अहो, नाव पाकिटात घातलंत, पण लिहिताना अख्खं घर तुमच्या मानेशी उभं होतं. कोण काय म्हणेल ते. खरं ना?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरंच होतं. तो शेवट लिहिताना मला गावातल्या बायका दिसत होत्या, नणंद दिसत होती, आणि सगळ्यांत जास्त सासूबाई दिसत होत्या. त्या शेवटावर मी खूशही होते, फार साहित्यिक वाटला होता मला तो. बाईंनी रिकामा कप टेबलावर ठेवला, माझ्या दंडावर थोपटलं आणि त्या गेल्या. मी तिथंच उभी. आनंदानं माझे कान गरम झाले होते आणि लाजेनंसुद्धा. इतक्या वर्षांत माझ्या लिखाणाबद्दल कुणी माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोललं होतं.

गाडीत बसल्यावर दिरानं विचारलं, ती बाई काय बोलत होती? मी सांगितलं, शेवट चुकलाय म्हणाली. तो भडकला. “तिला काय कलतंय? अलिबागवरशी येवन आमाला शिकवतंय.” मी म्हटलं, भाऊजी, तिचं बरोबर आहे. त्यानं गाडी सुरू केली.

पूल ओलांडून गाडी करंजाड्याकडे वळली. पुढच्या सीटवर बसलेल्या सासूबाई इतका वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मागे न वळताच त्यांनी विचारलं, “काय होता गो त्या कथेत?”

आजवर हे मला घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली. एक बाई आहे, तिचा नवरा वारलाय. पुतण्याची हळद आहे. ती खुर्चीत बसलीय. बँजो सुरू होतो. तिचे पाय हलतात, तिला ते थांबवता येत नाहीत. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला, कारण पुढे बसलेल्या बाईला हे मी काय सांगतेय ते मला कळत होतं. दिरालाही कळलं असावं, त्यानं गाडीचा वेग कमी केला.

“मंग?” सासूबाई म्हणाल्या.

“मग ती उठते. आणि आत जाऊन देवघरात बसते.”

सासूबाई पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. गावाची कमान आली. मला वाटलं, दुखावलं आपण यांना. मी माफी मागणार होते, तेवढ्यात त्या वळल्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, पण मऊही नव्हता. मी त्यांचं काहीतरी उचलून चुकीच्या जागी ठेवलं असावं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

“कशाला बसवलीस तिला?” त्या म्हणाल्या.

मी आरशातून दिराकडे बघितलं.

“सांग ना. उठली व्हती ना ती? मंग कशाला बसवलीस?”