कर्नाळा: रेचलताईंना मी जे सांगितलं नाही

कर्नाळ्याची ही पोस्ट मी एकदा टाकली होती. अकरा फोटो, पक्ष्यांची यादी, कुठे खावं, काय घालावं, सगळं होतं. चार दिवसांनी ती काढून टाकली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, पण खरं होतं ते सगळं गाळलं होतं. आता पुन्हा लिहितेय. तुम्हाला जायचं असेल तर रस्ता, बस, तिकीट सगळं यात मिळेल. बाकीचंही मिळेल.

जायचं ठरवलं ते रेचलताईंनी. नवीन पनवेलच्या बागेत सकाळी चालायला येणाऱ्या आम्हा पाच-सहा बायकांमधल्या त्या सगळ्यांत मोठ्या, त्रेसष्टच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घर बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं. बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध मराठी. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुलगी नेओमी लग्नानंतर इस्रायलला, आणि आता मार्चमध्ये ताईही कायमच्या तिकडे निघाल्या होत्या.

"मंजू, जन्मभर हायवेवरून तो अंगठा बघितला," त्या म्हणाल्या. "एकदा त्याच्या पायाशी उभी राहू दे मला. मग जाते."

अंगठा म्हणजे कर्नाळ्याचा सुळका. पनवेलमध्ये राहणाऱ्याला तो रोज दिसतो, त्यामुळे कोणी जात नाही.

शनिवारी त्यांचा शब्बाथ, प्रवास नाही. म्हणून फेब्रुवारीतला रविवार धरला. पनवेल एसटी स्टँडवरून पेणकडे जाणारी कुठलीही साधी गाडी चालते, कंडक्टरला 'कर्नाळा अभयारण्य' सांगायचं. पळस्पे फाट्याला गर्दी लागते, शिरढोण गेलं की झाडी सुरू होते. अर्धा तास. साडेसातला आम्ही गेटवर होतो. तिकीट फार नाही, पण प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, म्हणून स्टीलची बाटली न्या. रेचलताई त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि मी चहा घ्यायला बाहेरच्या टपरीवर गेले.

टपरीवरची बाई पन्नाशीची, नऊवारी आवळून नेसलेली. चहा देताना तिनं विचारलं, "गडाव चाललंव?"

"हो."

"देवलापरत जा. फुडं नको. काल मोहोल उठलेलं हाय सुलक्याव. दोन पोरांना चावली. आज बी भुनभुन हाय." ती थांबली. "त्या म्हाताऱ्या बाईला सांगा बरं का. त्यांना पलता नाय यायचं."

मी हो म्हणाले. पैसे दिले. दोन कप घेऊन गेटकडे आले. ते अंतर वीस पावलं असेल. त्या वीस पावलांत मी ठरवलं की सांगायचं नाही.

का, ते मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसणारी बाई असल्यामुळे स्वतःला शंभरदा विचारलं आहे. माझं कामच ते: नेमकं केव्हा, कुठे, कशामुळे. उत्तर लाजिरवाणं आहे. मला सुळक्याखाली उभ्या असलेल्या रेचलताईंचा फोटो हवा होता. शीर्षकसुद्धा सुचलं होतं. सांगितलं असतं तर त्या देवळावरूनच परत फिरल्या असत्या, गणिताच्या बाई त्या, उगाच धोका घेणाऱ्या नव्हेत. आणि मनात म्हटलं, टपरीवाल्या असं रोज सांगत असतील.

वाट चांगली आहे. पहिला तास सावलीतली, मुळांच्या पायऱ्या, मधूनच खडा चढ. बुलबुल, कोतवाल सहज दिसतात. पण त्या दिवशी मला जंगल दिसलंच नाही. माशी घोंगावली तरी मान वळत होती. दोन मुलं गडबडीनं खाली येताना दिसली आणि मी जागीच थबकले, पण ती हसत होती.

अर्ध्या वाटेवर एका खडकावर बसलो. ताईंनी उकडलेली अंडी आणि हिरव्या मसाल्यातला बटाटा आणला होता. बोलण्यासाठी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्यात पाप कुठून आलं म्हणतात? ते आदमच्या फळापासून ना? माझी आई म्हणायची, पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते, मग माणूस तेच करतो."

"फळ त्यानं खाल्लं, त्याचं तो बघेल," त्या अंडं सोलत म्हणाल्या. "आमच्यात मूल कोऱ्या पाटीनं येतं. मात्र मनात दोन ओढी घेऊन येतं, एक चांगली, एक वाईट. दोन्ही देवानंच दिलेल्या."

"वाईट कशाला दिली?"

"ती नसती तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं. हाव असल्याशिवाय माणूस उठतो होय सकाळी? पण दोघी बोलायला लागल्या की कोणाचं ऐकायचं ते आपल्या हातात. देवसुद्धा तिथे हात घालत नाही."

माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. 'ताई, खाली एक बाई म्हणत होती.' एवढंच. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "निघू या?"

कर्णाई देवीच्या देवळापाशी पुन्हा तीच संधी आली. ताई दमल्या होत्या. "इथवर पुरे का गं?" त्यांनी स्वतःहून विचारलं. मी म्हणाले, "आता दहा मिनिटांचं तर आहे."

हे वाक्य माझ्या कानात अजून वाजतं.

सुळक्याच्या पायथ्याशी कातळात पाण्याची टाकी आहेत. वर बघितलं तर काळ्या खडकावर त्याहून काळे, घागरीएवढे लोंबते पट्टे. आग्या मोहोळ. हवेत एक बारीक सूर होता, लांब कुठे गिरणी चालू असावी तसा. मी ताईंना टाक्याच्या काठावर उभं केलं, चार पावलं मागे आले, फोन वर धरला. पडद्यावर त्या हसत होत्या. त्यांच्या डोक्यावरचा एक पट्टा हलला, सैल झाला आणि खडकापासून सुटला.

पहिला डंख मला कानामागे बसला. तापलेली सळई टोचावी तसा. ताई ओरडल्या, "मंजू, हात दे!" त्या माझ्यापेक्षा कातळाच्या दोन उंच पायऱ्या वर होत्या, हात पुढे केलेला. मी तो हात बघितला. बोटातली अंगठीसुद्धा बघितली. आणि वळून पळाले.

ते मी ठरवलं नाही. पाय माझे होते, पण विचारून निघाले नाहीत. देवळापर्यंत कशी आले ते आठवत नाही, गुडघे फुटलेले होते. वर ताईंचा आवाज येत होता आणि मग यायचा थांबला. आवाज थांबला तेव्हा जी भीती वाटली तशी मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ओरडणं ऐकून खालून एक वनरक्षक धावत वर येत होते. त्यांनी विचारलं, "वर कोण आहे?" मी म्हणाले, "मैत्रीण अडकलीय. मी मदत आणायला पळत आले." माझी जीभ अजिबात अडखळली नाही. हे मात्र मी ठरवून बोलले.

त्यांनी अंगावर घोंगडी घेतली, ओल्या गवताचा धूर केला आणि ताईंना बाहेर काढलं. ओढणी तोंडावर घट्ट बांधून त्या टाक्याच्या कोनाड्यात अंग मुडपून बसल्या होत्या. चेहरा ओळखू येत नव्हता. मागून आलेल्या चौघांनी चादरीच्या झोळीतून त्यांना खाली आणलं. मी बाजूनं पाणी धरून चालत होते. गेटपाशी टपरीवाली पुढे आली, झोळीत बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगलेलं ना मी तुमाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "कधी? मला नाही ऐकू आलं."

ती नुसती बघत राहिली. मधमाशांपेक्षा मला ते डोळे जास्त लागले.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सत्त्याऐंशी काटे काढले. रक्तदाब खाली गेलेला, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल म्हणाले. दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर होते. कोणी नर्स लगबगीनं आत गेली की मी उठून दाराशी जायचे. आईच्या सटवाईला मी मनातल्या मनात साकडं घालत होते: तूच लिहिलं होतंस ना, म्हण की लिहिलं होतंस. नेओमीनं तिकडून व्हिडिओ कॉल केला. रडत म्हणाली, "मावशी, तुम्ही होतात म्हणून आई वाचली." मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ताईंचे डोळे उघडण्याइतकी सूज उतरली. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि ते मला सोसवेना. टपरीवालीपासून "ऐकू आलं नाही" पर्यंत मी सगळं सांगितलं, आणि माफी मागितली.

त्यांनी नजर माझ्यावरून छताकडे वळवली.

"पळालीस, त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. "मीही पळाले असते. कदाचित. पण खाली तुला कळलं होतं. मला सांगितलं असतंस तर वर जायचं की नाही, हे मी ठरवलं असतं. गेले असते, नसते, आता कधीच कळायचं नाही. ते ठरवणं माझं होतं, मंजू. ते तू घेतलंस."

"ताई..."

"नेओमीला तू सांग. मी नाही सांगणार."

सांगितलं. नेओमीनं फोन बंद केला. त्यानंतर तिनं माझा नंबर ब्लॉक केला आहे. पुढच्या रविवारी मी एकटी कर्नाळ्याला गेले, गेटच्या आत नाही, टपरीपर्यंत. त्या बाईला म्हटलं, मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "मना म्हाईत हाय." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळू लागली.

मार्चमध्ये ताई ठरल्याप्रमाणे निघाल्या. टॅक्सी दारात उभी होती. मी सुकापूरच्या माझ्या घरून लवकर जाऊन त्यांच्या बॅगा खाली उतरवल्या. त्यांनी ते करू दिलं. टॅक्सीचं दार लावताना मी पुन्हा विचारलं, "ताई, माफ केलंत?"

"नाही अजून," त्या म्हणाल्या. रागानं नाही, गणित सुटत नसल्यासारख्या. "आमच्यात तीनदा विचारायचं असतं. माणसाचा अपराध केला तर देव नाही माफ करत, त्या माणसानंच करायचं. तिसऱ्यांदाही मी नाही म्हटलं, तर तू मोकळी. मग ते ओझं माझं." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हातावर काट्यांचे डाग अजून होते. "म्हणून तिसऱ्यांदा घाई करू नकोस. मला जरा वेळ दे."

या गोष्टीला आता सात महिने झाले. ही पोस्ट त्यांनी वाचली आहे. 'नावं बदल आणि टाक,' एवढाच निरोप आला. कर्नाळ्याला जाणार असाल तर ऑक्टोबरनंतर अत्तर लावून जाऊ नका, सुळक्याखाली आरडाओरडा करू नका, आणि खालच्या कोणी काही सांगितलं तर ते सोबतच्या प्रत्येकाला सांगा. मग त्यांना ठरवू द्या.

मला अजून भीती वाटते. मधमाशांची नाही. दर रविवारी ताईंचा फोन येतो, त्या हवामान सांगतात, नातवाची शाळा सांगतात, आणि दर वेळी तो प्रश्न माझ्या ओठांवर येतो. विचारला तर दोन्हीकडून माझी सुटकाच आहे, हो म्हणाल्या तरी आणि नाही म्हणाल्या तरी. म्हणूनच विचारत नाही. मी म्हणते, "तब्येतीला जपा, ताई," आणि त्या फोन ठेवेपर्यंत धरून बसते.