कॅप्टनचा ब्रश

आमचा कोच तरुणपणी स्पेनमध्ये फुटबॉल खेळायचा. कुठल्या डिव्हिजनला, ते विचारू नका. सांगताना दर रविवारी तो एकेक डिव्हिजन वर चढायचा. गुडघे गेले तसा तो कार्डिफला आला आणि आमच्या हॉस्पिटलच्या टीमच्या नशिबी आला. आता परत गेलाय. मागे ट्रॉफी एकही नाही, नियम मात्र एक आहे: मॅच संपली की सगळ्यांचे बूट कॅप्टनने साफ करायचे. पोरवयात त्याने क्लबच्या मोठ्या खेळाडूंचे बूट घासले होते. तेव्हाच ठरवलं म्हणे, कधी कोच झालो तर हे काम सगळ्यात वरच्या माणसाला लावीन.

तर त्याने मला कॅप्टन केलं.

आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. आजोबा एसटी स्टँडसमोर चपला शिवायचे, बूट पॉलिश करायचे. बाबांनीही तेच केलं, पण मी ब्रशला हात लावला की फटका द्यायचे. कष्टाची लाज आम्हाला कधीच नव्हती. पण एमएस्सी होऊन, इथल्या लॅबमध्ये लागून पोरगा परत बूटच घासतोय, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? दंडावर कॅप्टनची पट्टी असलेला फोटो पाठवला. खालचे बूट कापून.

कोच इथे असतानाच एकदा बाबा इकडे राहायला आले आणि मॅच बघायचीच म्हणाले. आम्ही परंपरेप्रमाणे हरलो. मी चिखलाने माखलेल्या बुटांचा ढीग घेऊन बसलो, तर बाबा समोर.

"हे काय?"

"कॅप्टनचं काम असतं, बाबा."

"यासाठी शिकवलं तुला?"

कोच हात मिळवायला पुढे आला. बाबांनी हात दिला, पण मला म्हणाले, "विचार त्याला, तुझ्याआधी कोण घासायचं?"

विचारलं. कोचने चहा पीत उभ्या असलेल्या गोलकीपरकडे बोट दाखवलं.

"तो हार्ट सर्जन आहे, बाबा. आधी तो कॅप्टन होता."

"आणि घासायचा? सगळ्यांचे?"

"स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोर्टरचेसुद्धा. कुरकुरत, पण घासायचा."

बाबांनी त्या सर्जनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेवढ्यात कोच गुडघ्यांना स्पॅनिश शिव्या देत खाली बसला आणि त्याने दुसरा ब्रश उचलला. बाबांनी खिशातून मोबाइल काढला. मी बूट बाजूला सारायला लागलो.

"राहू देत ते बूट," बाबा म्हणाले. "पण त्या डॉक्टरच्याही हातात एक ब्रश दे. फोटोत नुसता तू दिसलास, तर तुझी आई मला घरात घ्यायची नाही."