पास्कल मास्तरांची शिकवणी

पास्कल मास्तरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. हातात वरवंटा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागच्या एका गिरणीत इटलीहून नवे माग येणार होते, आणि यंत्रं जोडणाऱ्या जोडारीची जागा हवी तर मागांबरोबर येणाऱ्या इटालियन साहेबाची भाषा थोडीफार यायला हवी होती. वडिलांची नोकरी सुटलेली, घरात मिळवतं कुणी नाही. म्हणून मी खोताच्या वाडीत मास्तरांच्या ओटीवर जाऊन बसलो.

मास्तर बारा वर्षं इटालियन बोटीवर स्वयंपाकी होते. त्या भाषेत हुकूम सोडताना 'मला' आणि 'तो' हे शब्द क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात. 'दाम्मेलो' म्हणजे 'तो मला दे'. मास्तरांचा दंडक असा, की शब्द तोंडातून निघाला की वस्तू हातातून हातात गेलीच पाहिजे, आणि वस्तू जड हवी. म्हणजे व्याकरण खांद्यात उतरतं. खांदे आमचे होते, हे ते सोयीस्कर विसरत.

माझ्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी जमावबंदी होती. आम्ही पाच विद्यार्थी ओळीत, वरवंटा माझ्या हातात उगारलेला, मास्तर "दाम्मेलो!" म्हणून ओरडताहेत, आणि दारात हवालदार.

"काय चाललंय?"

"व्याकरण," मास्तर म्हणाले.

"दगड घेऊन?"

"वरवंटा आहे तो. घरातली चटणी खोळंबलीय त्याच्यासाठी."

"ते चौकीवर सांगा. चला सगळे."

मास्तरांनी शांतपणे टोपी घातली. "ओटी माझी, वरवंटा माझा. मी येतो. या पोराची उद्या मुलाखत आहे, यांना जाऊ द्या." वरवंटा काखेत मारून ते एकटेच गेले.

सकाळी साहेबाने मदतनिसाकडे पाना मागितला, "दाम्मेलो." सवयीने मीच झडप घालून पाना मदतनिसाच्या हातातून हिसकावला आणि साहेबाच्या हातात ठेवला. मदतनीस चिडला, साहेब हसला, जागा मिळाली. बोलावलेला दुभाष्या आलाच नव्हता, म्हणून साहेबाने तेही काम माझ्याच गळ्यात घातलं.

पेढे घेऊन गेलो तेव्हा मास्तर नुकतेच चौकीवरून सुटले होते. त्यांनी पेढा खाल्ला आणि माझा उच्चार सुधारला.

पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या पत्नी एलिझाबाई सहज बोलून गेल्या, "अरे, दुभाष्या म्हणून त्या साहेबानं यांनाच बोलावलं होतं. कोटसुद्धा इस्त्री करून ठेवलेला."

मी लाजेने मान वर करू शकलो नाही. मास्तरांना ठणठणीत प्रकृती लाभो, आणि त्यांची शंभरी आम्हाला पाहायला मिळो. मी जन्मभर मिरवलेलं दुभाष्याचं पद त्यांचं होतं, हे निदान त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात तरी छापून यावं.